स्टॅकचा व्होल्टेज नाचायला लागला, तर आधी पाणी शोधा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे. गेल्या जुलैत खानापूरची भाची डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी हायड्रोजन फ्युएल सेलचा स्टॅक घेऊन आली. स्टॅक म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन जोडून वीज बनवणाऱ्या सेलची एकाला एक लावलेली रास; वीज बनताना आत पाणीही तयार होतं. हा 20 सेल, 100 वॅट, पंख्याच्या हवेवर चालणारा. "मामा, लोड लावला की व्होल्टेज एका जागी थांबतच नाही."

पहिलं काम, सुरक्षा. शॉपमध्ये वेल्डिंग चालतं आणि हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो. तो वर चढतो, पत्र्याखाली साठतो. म्हणून स्टॅक व्हरांड्यात उघड्यावर ठेवला आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून गळती बघितली.

मग मोजमाप. एका सेलचा तात्त्विक व्होल्टेज 1.23, पण लोडवर 0.6 ते 0.7 मिळाला तरी सेल चांगला समजा. नुसता एकूण आकडा बघू नका, त्यात एक आजारी सेल लपून जातो. गाडीच्या इंडिकेटरचे 21 वॅटचे बल्ब एकेक करून लावायचे आणि दर वेळी मल्टीमीटरने प्लेट-प्लेटमधला व्होल्टेज वहीत लिहायचा. चौथ्या बल्बला सातवा सेल 0.3 वर आला आणि आकडा हलत राहिला. बाकीचे 0.64 वर ठाम होते.

हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. एखादाच सेल पडतो आणि आकडा नाचतो, तेव्हा बहुतेक पाणी साचलेलं असतं. सगळे सेल मिळून सारखे उतरतात, तेव्हा मेम्ब्रेन, म्हणजे सेलच्या दोन बाजूंमधला पातळ पडदा, कोरडं पडलेलं असण्याची शक्यता जास्त. मेम्ब्रेन ओलं असेल तरच त्यातून हायड्रोजनचे प्रोटॉन जातात, आणि पाणी फार झालं तर वायूची वाटच बंद होते. सेल शून्याखाली गेला तर लोड त्याच क्षणी काढा. हायड्रोजन पोचत नसला की आतला कार्बनच झिजायला लागतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

आमच्या स्टॅकची पर्जची, म्हणजे आत साचलेलं पाणी आणि वायू मधूनमधून बाहेर सोडण्याची, पारदर्शक नळी मध्येच वर वळली होती. व्हॉल्व्ह उघडला की पाण्याचा थेंब वर चढायचा, बंद झाला की परत आत. नळी सरळ उताराला लावली, पर्ज 30 सेकंदांऐवजी दर 10 सेकंदांनी केला. पर्जमुळे पाण्याबरोबर हवेच्या बाजूने झिरपून आलेला नायट्रोजनही बाहेर जातो.

फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उलटं होतं, मेम्ब्रेन सुकतं. तेव्हा पंखा जरा कमी करून बघा, पण स्टॅक तापू देऊ नका.

हवा कुठली घेताय तेही बघा. आमच्याकडे फाउंड्र्या आहेत. कोकच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड सेलमधली क्रिया घडवणाऱ्या प्लॅटिनमला चिकटतो, म्हणून हवेच्या तोंडाला कोळशाचा फिल्टर लावला. पोरं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून हायड्रोजन काढून थेट सोडतात, ते करू नका. त्या तुषारांतला सोडियम मेम्ब्रेनमध्ये बसतो. शुद्ध वायूचा सिलिंडरच घ्या.

स्टॅक आवळणाऱ्या बोल्टबद्दल मात्र मी हट्टी आहे. टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते कळणारा पाना), समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एक बाजू जास्त दाबली तर आतला वायू पसरवणारा कार्बन पेपर चिरडतो, सैल राहिली तर स्पर्श नीट होत नाही आणि वायू गळतो. स्टॅक बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापुढे जाऊ नका.

संध्याकाळी परत चार बल्ब लावले. सातवा सेल 0.63 वर अर्धा तास हलला नाही.