हिमाचलच्या धरणांवर गळ टाकायचा तर: कोणत्या ऋतूत, कुठं आणि कसा

हिमाचलला गळ घेऊन जाणारे बहुतेक जण ट्राउटसाठी जातात. माझा जीव मात्र तिथल्या दोन मोठ्या जलाशयांत अडकलाय: कांगड्यात बियास नदीवरचं पोंग आणि बिलासपूरला सतलजवरचं गोविंदसागर. पोंगमध्ये महासीर आहे, आपल्या मुळा-मुठेतल्या खडशीचा हिमालयातला भाऊबंद. शिवाय रोहू, मृगळ आणि सिंघाडा (लांब मिशांचा मासा) हेही आहेत. पण धरणात मासा महिना बघून जागा बदलत नाही, पाण्याची पातळी बघून बदलतो. पाऊस सरताना धरण भरलेलं असतं आणि मे-जूनमध्ये खोल खाली गेलेलं. मासा कुठे सापडेल हे त्यावरच ठरतं.

आधी परवाना

राज्याच्या मत्स्य विभागाकडून गळाचा परवाना घ्या. १६ जून ते १५ ऑगस्ट जलाशयांत मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असतात. त्या वर्षीचा आदेश मात्र पुन्हा बघून घ्या. पोंग अभयारण्यही आहे, तेव्हा कोणत्या काठावर बसायला परवानगी आहे हे परवाना घेतानाच विचारा. आणखी एक, जोगिंदरनगरजवळ मछियालला महासीर देवाचे म्हणून पाळले आहेत, आपल्या महाडजवळच्या वाळण कोंडीसारखे. तिथे फक्त हात जोडायचे.

सामान

महासीरसाठी नऊ-दहा फुटी रॉड, २० ते ३० पौंडांचा ताण सोसणारं तंगूस (नायलॉनचा दोर) आणि भरपूर दोर मावेल असं रीळ. हा मासा पहिल्याच धावेत पन्नास-साठ मीटर दोर ओढून नेऊ शकतो, म्हणून रिळाचा ब्रेक आधी हाताने ओढून तपासा. आमिषाला चमचा (चमच्याच्या आकाराचं चकाकणारं धातूचं खोटं आमिष) किंवा घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा. गळ एकेरी घ्या आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून बरोबर ठेवा. हातभर खोलीला पाणी १६ अंशांच्या खाली असेल तर महासीर सुस्त असतो, आणि त्या दिवशी मी उथळ पाण्यात वेळ घालवत नाही.

मार्च ते मध्य जून: गळ टाका, पण तळही वाचा

पाणी तापायला लागलं की महासीर जलाशयाच्या वरच्या टोकाकडे, नदी आत येते त्या बाजूला सरकतो. पोंगला हे टोक डेहरा गोपीपूरच्या बाजूला आहे. वाहतं आणि साचलेलं पाणी जिथे मिळतं, तिथे वेगवान पाण्याच्या कडेला चमचा आडवा टाका आणि प्रवाहाबरोबर फिरू द्या. पहाट आणि सूर्य मावळण्याआधीचा तास, एवढंच पुरे.

दुपारी उघड्या पडलेल्या काठावरून चाला. जुन्या नदीचं पात्र, शेतांचे बांध, बुडालेल्या घरांची जोती, खोडं सगळं दिसतं. गोविंदसागरात पाणी उतरलं की जुन्या बिलासपूरची देवळंही वर येतात. प्रत्येक खुणेचा फोटो काढा आणि काठावरच्या एखाद्या पक्क्या झाडाच्या किंवा खांबाच्या रेषेत ती कुठे आहे ते वहीत लिहून ठेवा. पहिली दोन वर्षं मी हे केलं नाही आणि सप्टेंबरात नुसत्या निळ्या पाण्याकडे बघत बसलो.

एक धोका मात्र विसरू नका. वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदी काही मिनिटांत चढते. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ २४ विद्यार्थी बियासमध्ये वाहून गेले. पात्रातल्या खडकावर उभं राहून गळ टाकू नका, पाणी कितीही शांत दिसलं तरी.

मध्य ऑगस्ट ते ऑक्टोबर: खरा हंगाम

आता वही उघडा. उन्हाळ्यात उगवलेलं गवत पाण्याखाली गेलेलं असतं. कुजणारं गवत खायला रोहू आणि त्यातले किडे, गांडुळं खायला सायप्रिनस (कॉमन कार्प) काठाजवळ येतात. बुडालेल्या बांधापलीकडे जिथे उतार एकदम सुरू होतो, तिथे गोळा सोडा आणि वीस मिनिटं हलवू नका. पुन्हा पुन्हा दोर ओढून बघण्यानेच मासा जातो. महासीर अंडी घालून खड्डांतून (ओढ्याला तिथे खड्ड म्हणतात) जलाशयात परतत असतो, तेव्हा खड्डाच्या मुखाशी, गढूळ आणि नितळ पाण्याच्या सीमेवर चमचा खेळवा.

गोविंदसागरात चंदेरी मासे उड्या मारताना दिसले तर मोहात पडू नका. तो सिल्व्हर कार्प आहे. तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो आणि गळाकडे सहसा ढुंकूनही बघत नाही.

मासा लागल्यावर

सोनेरी महासीर धोक्यात आलेला मासा आहे, जागतिक लाल यादीत त्याची तशी नोंद आहे. म्हणून मी तो सोडतोच, आणि तुम्हीही सोडा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि जखमेला बुरशी धरते. कल्ल्यांत बोटं घालू नका. गळ पाण्यातच काढा. फोटो हवाच असेल तर आपण श्वास रोखून धरू तेवढाच वेळ त्याला बाहेर ठेवा. मग एका हाताने शेपटीचं मूळ आणि दुसऱ्याने पोट धरून त्याला पाण्यात सरळ ठेवा, प्रवाह असेल तर तोंड प्रवाहाकडे. स्वतःहून झटका देईपर्यंत सोडू नका. याला कधी पाच मिनिटं लागतात. लागू द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी

मासा खोल आणि मंद. सकाळी अकरा ते तीन, उन्हाच्या काठावर, तळाशी बारीक गोळा, तोही सायप्रिनससाठी. पोंगवर या दिवसांत पट्टकादंब हंसांचे थवे उतरलेले असतात. त्यांच्यापासून लांब बसा आणि तुटलेल्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा खिशात घालून परत आणा, तो पक्ष्यांच्या पायात अडकतो.