गावातील लहान चर्चमधील जुन्या पाइप ऑर्गनची निगा कशी राखावी

जुन्या पाइप ऑर्गनची देखभाल अंगावर पडलेल्या व्यक्तीने प्रथम एक गोष्ट मान्य करावी. दुरुस्ती हे ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराचे काम आहे; आपले काम आहे ते वाद्याच्या भोवतालची हवा सांभाळण्याचे, वाद्य नियमित वाजते ठेवण्याचे आणि बिघाडाची नीट नोंद करण्याचे.

ऑर्गनला सर्वाधिक हानी पोहोचते ती घाईघाईने केलेल्या उष्णतेमुळे. आठवडाभर थंड राहिलेली इमारत उपासनेपूर्वी तासाभरात तापवली की हवेतील सापेक्ष आर्द्रता एकदम खाली येते, लाकूड आकसते आणि ज्या पेटीवर पाइप उभे असतात तिच्या फळीला तडे जाऊन एका पाइपची हवा शेजारच्या पाइपात शिरू लागते. असा तडा बुजवण्यासाठी बहुधा शेकडो पाइप उतरवावे लागतात, तेव्हा तापमान सावकाश आणि बेताने वाढवावे. आर्द्रता शक्यतो 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी. आर्द्रतामापक मात्र भिंतीवर न लावता ऑर्गनच्या आत, पाइपांच्या उंचीवर ठेवावा.

तापमानाचा परिणाम सुरांवरही होतो. साध्या, शिट्टीच्या तत्त्वावर वाजणाऱ्या पाइपांचा सूर दर अंश सेल्सिअसमागे सुमारे 3 सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणजे 10 अंशांच्या फरकाने अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश. धातूच्या कंपनपट्टीचे पाइप मात्र जवळपास जागच्या जागी राहतात, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजवताच कानाला खटकते. हे पाहून उत्साही वादक कंपनपट्टीचे पाइप जुळवायला बसतो आणि पुढच्या थंडीत सारे पुन्हा उलटे होते. एखादा सूर हलल्यासारखा वाटला, तर आधी तापमान पाहावे.

कळफलकावरील पट्टी सोडल्यावरही सूर वाजतच राहिला, तर गोंधळून जाऊ नये. ती पट्टी इतर पट्ट्यांच्या पातळीवर परत आली आहे का, हे बोटाने चाचपावे. दमट हवेत फुगलेले लाकूड घासून अडकते. पट्टी मोकळी असल्यास ती झटक्याने काही वेळा दाबून सोडावी, कारण आतील झडपेवरचे कातडे आणि तिची बैठक यांच्यामध्ये बारीक कचरा अडकला असेल तर हवेच्या झोताने तो पुष्कळदा निघून जातो. तरीही सूर थांबला नाही, तर एकेक स्टॉप, म्हणजे पाइपांचा एकेक संच चालू-बंद करणारी खुंटी, बंद करत ऐकावे. त्या पट्टीचा सूर जो स्टॉप उघडावा त्यात उमटत असेल, तर झडपच उघडी राहिली आहे असे समजावे आणि दुसरा कळफलक असल्यास त्यावर काम भागवावे. एकाच स्टॉपमध्ये वाजत असेल, तर तेवढा स्टॉप बाजूला ठेवावा. पाइप उपटून सूर बंद करण्याचा मोह टाळलेला बरा. कथील आणि शिशाच्या मिश्रणाचा पाइप इतका मऊ असतो की बोटांच्या दाबानेही त्याला पोचा पडतो, आणि हाताची ऊब लागली तरी काही काळ त्याचा सूर सरकतो.

भात्याच्या कातड्याला भेगा दिसल्यास चिकटपट्टी लावू नये. कातडे मुळात प्राणिज सरसाने चिकटवलेले असते. ते ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येते, तर आधुनिक चिकटद्रव्य पुढील दुरुस्ती अवघड करून ठेवते. लाकडाच्या छिद्रांखाली ताजी भुकटी आढळली, तर किडीचा संशय धरून कारागिराला लगेच कळवावे, स्वतः औषध फवारू नये. धूळ दिसली तरी पाइप पुसू नयेत.

वाद्य आठवड्यातून निदान एकदा, सर्व स्टॉप आणि पायपट्ट्या वापरून वाजवावे. वादकाच्या बाकाजवळ एक वही ठेवून बिघाड लिहिताना ‘मधला सूर बिघडला’ अशी मोघम नोंद न करता कळफलक, स्टॉप, पट्टी, तारीख, तापमान आणि आर्द्रता लिहावी, आणि कारागीर येण्यापूर्वी तिची प्रत त्याला पाठवावी, म्हणजे कोणती हत्यारे आणि किती कातडे सोबत आणायचे हे त्याला आधीच ठरवता येते.