विज्ञान एक, वह्या तीन: दहावीच्या विज्ञानाचा अभ्यास कसा करावा

माझी भाची नववीतून दहावीत गेली तेव्हा तिची विज्ञानाची एकच वही होती. दोनशे पानी, चार रंगांच्या पेनांनी लिहिलेली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच साच्यातली: प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. गुरुत्वाकर्षण तसंच, प्राण्यांचं वर्गीकरणही तसंच. क्लासमध्ये उतरवून दिलेलं, तिला घडाघडा पाठ. मी सहज विचारलं, "चंद्रावर एक किलो साखर नेली तर तिथे ती किती भरेल?"

"एक षष्ठांश किलो. मामा, तो चॅप्टर झालाय आमचा."

किलो हे वस्तुमानाचं माप. ते चंद्रावरही एक किलोच. वाण्याच्या दोन पारड्यांच्या तराजूत ती साखर तिथेही किलोच्या मापाला बरोबर तोलून धरेल. कमी दाखवेल तो स्प्रिंगचा काटा, कारण तो वजन मोजतो. तिला व्याख्या दोन्ही येत होत्या, पण साखर कुठल्या व्याख्येत बसते ते कळलं नव्हतं. त्या रविवारी आम्ही ती वही बाजूला ठेवली आणि नव्याने सुरुवात केली. ती अशी.

आधी अनुक्रमणिका फोडा

राज्य मंडळाची विज्ञानाची पुस्तकं दोन. लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची, वर प्रात्यक्षिकाचे २०. पण पुस्तकाचे दोन भाग म्हणजे अभ्यासाचे दोन भाग नव्हेत. पहिल्या भागातच दोन वेगळी घरं नांदतात. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, भिंगे ही गणिताची आणि आकृतीची मंडळी. आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे यांचं वळण निराळं. दुसऱ्या भागातली आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, वर्गीकरण, पेशीविज्ञान ही तिसरी तऱ्हा. म्हणून वह्या तीन. सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन असल्या धड्यांना वही नको. दोनदा नीट वाचा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, पुढे चला.

भौतिकशास्त्र: आकडा मांडण्याआधी अंदाज

या वहीत उत्तरं लिहायची नाहीत, फक्त आकृत्या आणि गणितं. प्रत्येक गणितापूर्वी पेन्सिलीने आकृती, मग दिलेल्या राशी एककांसह, आणि मग उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज. अंदाजाची ओळ मुलं हमखास गाळतात. ती गाळली की दुचाकीचा वेग ताशी चार हजार किलोमीटर आला तरी कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

भिंगांचा धडा घरी करून बघण्यासारखा आहे. आजीचा नुसत्या वाचण्याच्या नंबराचा चष्मा घ्या, जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर एकाच काचेत असलेला नको. नंबर अधिक २ असेल तर नाभीय अंतर अर्धा मीटर. भर दुपारी खोलीतले दिवे बंद करून खिडकीसमोरच्या भिंतीपुढे चष्मा धरा आणि मागेपुढे करा. रस्त्यापलीकडची इमारत भिंतीवर उलटी उमटेल, तेव्हा भिंत ते भिंग अंतर ५० सेंटिमीटरच्या आसपास भरेल. आता भिंगापासून ३ मीटरवर असलेल्या खिडकीची चौकट स्पष्ट करा. अंतर वाढून ६० होईल. का? भिंगाचं सूत्र मांडा, नेमके ६० येतात. भाचीने हे तीनदा मोजलं, आणि चिन्हांचा संकेत, ज्यावर तिची दोन आठवडे रडारड चालली होती, त्या दुपारी बसला. आजी मात्र तासभर पेपराविना.

घरातलं मोजमाप पुस्तकाशी जुळलं नाही तर खूश व्हा. पुण्यात पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं, कारण आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहोत. सिंहगडावर, तेराशे मीटरवर, आणखी दोनेक अंश कमी. पेपरात १०० लिहायचं, पण तापमापी बिघडली म्हणून दुकानात परत करायला जायचं नाही.

रसायनशास्त्र: चुना, फुंकर आणि सोडा

रसायनाची पाठांतराची बाजू खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पहिली वीस मूलद्रव्यं, त्यांच्या संयुजा आणि पंधरावीस आयन तोंडपाठ हवेतच. पुठ्ठ्याचे चौकोन कापून एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला संज्ञा आणि प्रभार लिहा, बसमध्ये उलटसुलट करा. दोन आठवड्यांत होतं. पण समीकरणं पाठ करायची नाहीत, संतुलित करायची, आणि प्रत्येकाशेजारी काय दिसतं ते लिहायचं: रंग, वास, बुडबुडे, साका. दिसण्याचा रकाना रिकामा असेल तर ते समीकरण अजून तुमचं झालेलं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात झालेला हा प्रयोग मोठं माणूस शेजारी असतानाच करा. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पानाच्या टपरीवरून चमचाभर चुना आणा, बाटलीभर पाण्यात हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी वरची नितळ निवळी अलगद काढून दोन ग्लासांत अर्धा-अर्धा कप घ्या. स्ट्रॉने फुंकर घाला. फुंकरच, ओढायचं नाही. थोड्याच वेळात पाणी दुधाळ होतं. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे खडू. इथवर पुस्तकात आहे.

आता एका ग्लासात गार साधा सोडा ओता, तिप्पट. ढवळा. दुधाळपणा हळूहळू जातो आणि पाणी जवळजवळ नितळ होतं. भाची म्हणाली, "पातळ झालं म्हणून असेल." शंका रास्त होती. दुसरा ग्लास त्यासाठीच. त्यात तितकंच साधं पाणी ओतलं, ते पांढुरकंच राहिलं. म्हणजे काम सोड्यातल्या वायूचं. जादा कार्बन डायऑक्साइडने खडूचं विरघळणारं बायकार्बोनेट केलं. मग तिनेच नितळ झालेला ग्लास पातेल्यात ओतून उकळला. पाणी पुन्हा गढूळलं. पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ धरली, तशी ती उठून बाथरूममध्ये गेली आणि बादलीतल्या हीटरची कॉइल घेऊन आली. त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, कॉइलवर जाड पांढरा थर. "हे तेच?" तेच. थराचा खवला लिंबाच्या रसात टाकला, फसफसला.

दुसऱ्या ग्लासाला प्रयोगशाळेत नियंत्रित नमुना म्हणतात. हा शब्द तिला पाठ करावा लागला नाही.

जीवशास्त्र: काढा आणि सांगा

इथे वाचून काही होत नाही, हाताने काढावं लागतं. पुस्तक मिटून हृदयाची किंवा नेफ्रॉनची आकृती काढा, नावं द्या, मग पुस्तक उघडून चुका लाल पेनाने सुधारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. सुबक नको, नावं आणि जोडण्या बरोबर हव्यात.

वर्गीकरण पावसाळ्यात शिका. जुलैत वेताळ टेकडीवर किंवा सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीपाशी दहा मिनिटं उभे राहा: गोगलगाय मृदुकाय, गांडूळ वलयांकित, हात लावताच वेटोळं करणारा पैसा किडा संधिपाद, डबक्यातला बेडूक उभयचर. प्रत्येकापुढे एकच कारण लिहायचं, त्याला त्या गटात का घातलं ते. कंटकचर्मी तेवढे पुण्यात भेटणार नाहीत, ते समुद्रातले. त्यांच्यासाठी चित्रच.

आणि सांगा, तेही मराठीत. पुण्यातली बरीच मुलं सेमी इंग्लिशची, विज्ञान इंग्रजीतून. पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे, पण घरात कोणाला समजावून सांगताना 'रिफ्रॅक्शन होतं' एवढ्यावर सुटका नको. "पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वाकतो, म्हणून बादलीचा तळ वर आल्यासारखा दिसतो," असं म्हणता आलं की समजलं. मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण उलटी. रोजच्या बोलण्यात वेग म्हणजे किती जोरात, पण पुस्तकात त्याला चाल म्हणतात आणि वेगाला दिशा लागते. अशा फसव्या शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा: वजन, कार्य, वेग, उष्णता.

आठवड्यातून एकदा तिन्ही वह्या एकत्र

रविवारी एकच गोष्ट घ्यायची आणि तिन्ही वह्यांत तिचा माग काढायचा. चुन्याचंच पाहा. फुंकरीतला कार्बन डायऑक्साइड आला कुठून? पेशीत ग्लुकोजचं विघटन झालं तिथून, म्हणजे जीवनप्रक्रियेचा धडा. निवळी पांढरी का दिसली? तरंगणारे कण प्रकाश विखुरतात. प्रत्येक वहीत एक ओळ आणि दुसऱ्या वहीचा पान क्रमांक. सहामाहीपर्यंत अशा बारा-पंधरा जोडण्या झाल्या तरी पुष्कळ.

शहराचा उपयोग

तार, दिवे, बॅटरीचे खोके तपकीर गल्लीत मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिका अप्पा बळवंत चौकात. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे आणि शाळकरी मुलांसाठी शनिवारची प्रात्यक्षिक व्याख्यानं होतात. तारखा आधी बघून जा. नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अशा संस्था लोकांसाठी दारं उघडतात. दहावीची लेखी परीक्षाही नेमकी त्याच दिवसांत असते, तेव्हा ही फेरी नववीतच मारून घ्या.