शनिवार-रविवार किनाऱ्यावर: आधी तिथी बघा, मग बेत करा

कोकणातल्या सुट्टीचा बेत बहुतेक वेळा गाडीत बसल्यावर ठरतो आणि तिथेच फसतो. समुद्रावर पोचावं तर भरती ऐन टिपेला, पुळण गायब, पोरं कंटाळलेली. मग "चला, आणखी एखादं ठिकाण करू" म्हणत अर्धा दिवस वळणावळणांच्या रस्त्यात जातो. दोन-तीन कुटुंबं आणि एकच गाव एवढं पुरे. दिवस कसा आखायचा ते समुद्रालाच विचारा.

भरतीचा हिशेब

भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवारची तिथी बघा. पक्ष कुठलाही असो, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. किनाऱ्यावरची जुनी माणसं हे गणित तोंडी करतात. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनला आणि त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. गावागावात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून मोबाइलवरच्या कोष्टकाशी एकदा ताडून बघा. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे रविवारी उशिरा उठणाऱ्यांचीही सोय होते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, तसंच खूप लांबवर उतरतंही. खडक बघायचे तर हेच दिवस. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं मागे हटत नाही आणि ओहोटीही भर दुपारी बाराला येते. तो शनिवार-रविवार खडकांवर वाया घालवू नये.

ओहोटीला खडकांवर

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी परत फिरू लागलं की निघा. 'अजून पाच मिनिटं' इथे चालत नाही, कारण पाणी समोरून येण्याआधी मागच्या घळीतून येतं. पायात पकड असलेले जुने बूट हवेत. चपला शेवाळावर घसरतात, आणि अनवाणी गेलात तर खडकाला चिकटलेली कालवं तळवा कापतात.

डबक्याशी गेलात की उकिडवे बसा आणि सावली पाण्यावर पडू न देता दोन मिनिटं गप्प राहा. मुलांना हे कठीण जातं, मोठ्यांना त्याहून कठीण. मग शंख चालू लागतात, आणि त्यांतल्या निम्म्यांत मूळ मालक नसून भाडेकरू खेकडा असल्याचं कळतं. दगड उलटलात तर बघून झाल्यावर होता तसा पालथा घाला, त्याखाली घर असतं. शंख-शिंपले वेचायचे ते रिकामे आणि मूठभर. प्रवाळ मात्र अजिबात उचलू नये. प्रवाळ आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

पावसाळ्यात खडकांचं नाव काढू नका.

दुपारी: चुडताची भिंगरी

जेवण झालं की मोबाइल बाहेर येण्याआधी एक हिरवं चुडत, म्हणजे नारळाची झावळी, ओटीवर आणून टाका. हे काम घरातल्या आजोबांकडे सोपवलेलं बरं. पोरं त्यांचं ऐकतात आणि आजोबांनाही वामकुक्षी टाळायला निमित्त मिळतं.

एक रुंद पात घ्या आणि मधला हीर, म्हणजे मधली ताठ काडी, काढून बाजूला ठेवा. दोन लांब पट्ट्या मिळतील. त्या मधोमध कापल्या की चार झाल्या. प्रत्येक पट्टी अर्ध्यात दुमडा. आता पहिलीची दोन्ही टोकं दुसरीच्या घडीत अडकवा, दुसरीची तिसरीच्या, तिसरीची चौथीच्या, दर वेळी काटकोनात वळत. चौथीची टोकं फिरून पहिलीच्या घडीतून ओवायची. मग सगळी टोकं थोडीथोडी आळीपाळीने ओढा. एकदम ओढलंत तर सगळं सुटतं. मध्ये घट्ट चौकोन तयार होईल आणि चारी बाजूंना दोन-दोन शेपट्या राहतील. प्रत्येक जोडीतली एक कापा, उरलेल्या चार पात्यांना एकाच दिशेने किंचित पीळ द्या. चौकोनाच्या मधोमध हीर ओवा आणि टोकाला कच्चं करवंद किंवा पेरूचा तुकडा टोचा, म्हणजे भिंगरी उडून जाणार नाही. दुपारचा खारा वारा पुरेसा असतो, नसेल तर अंगणात पळावं.

बकुळ फुलली असेल तर ज्यांना विणकाम जमत नाही त्यांना फुलं वेचायला पाठवा. बकुळीच्या फुलाला मधोमध भोक असतंच, त्यामुळे सुईची गरज नाही. केळीच्या सोपटाचा दोरा ओवला की माळ होते, आणि सुकल्यावरही तिचा वास जात नाही.

संध्याकाळी: पोपटी

रायगडकडे, अलिबाग-पेण-रोह्याच्या भागात, थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते, म्हणजे मडक्यात शेंगा भरून ते जाळात भाजायचं. मित्रमंडळी जमवायला याहून चांगलं निमित्त मला तरी ठाऊक नाही, कारण यात कोणीही नुसतं बसून राहू शकत नाही.

आठ-दहा जणांना दोन-अडीच किलो शेंगा लागतील. शिवाय बटाटे, कांदे, रताळी, अंडी आणि जाडं मीठ, ओवा. मांसाहारी मंडळींनी कोंबडीचे लहान तुकडे मसाला लावून केळीच्या पानात बांधावेत. भांबुर्डीचा पाला शेताच्या बांधावर मिळतो, तो ओळखणारं माणूस बरोबर हवं. या पाल्याला पर्याय शोधू नका, पोपटीचा वास त्याचाच असतो.

मडक्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर द्या. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधूनमधून बाकीचे जिन्नस, आणि शेवटी तोंडाशी पाला गच्च कोंबा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर शिजतं. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती सुकी लाकडं, गोवऱ्या, पेंढा रचा आणि पेटवा. जागा उघडी बघा, गवताची उडवी आणि मोहरलेली कलमं लांब हवीत. खारा वारा पडतो आणि मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, सुरू व्हायची असते, ती कातरवेळ जाळाला बरी.

अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडा. चर्र करून थेंब लगेच उडाले की झाली. ओल्या गोणपाटाने मडकं धरून केळीच्या पानावर ओता आणि लगेच बसा. कोंबडी तेवढी आधी मोडून बघा. निखारे पाण्याने विझवल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

भांगाचे दिवस असतील तर

रत्नागिरी-राजापूरकडे असाल तर सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, कातळशिल्पं बघा. उक्षीचा हत्ती, कशेळीचा त्याहून मोठा हत्ती आणि त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणी. ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. भर दुपारी जांभा दगड तापतो आणि काही दिसतही नाही. चित्रावर पाय देऊ नये, फोटोसाठी रेषांत खडू भरू नये. वाट कुणाच्या आवारातून जात असेल तर घरात विचारून जा. ताक घेणार का, असं विचारतील. नाही म्हणू नका.