ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी मैदानावर कशी शिकवावी

सहावीत पूर्णांक संख्या शिकवताना ‘वजा वजा अधिक’ हे मुलांना एका दिवसात पाठ होते. परंतु ३ − (−४) चे उत्तर ७ का येते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. हे ‘का’ मुलांना स्वतः चालून उमगते आणि त्यासाठी दोरी, फक्की व एक तासिका पुरते.

मैदानावर दोरी ताणून ८ मीटर लांबीची रेषा आखावी, मध्यावर शून्य लिहावे आणि दोन्ही बाजूंना ४० सेंटिमीटर अंतरावर −१० ते +१० या खुणा कराव्यात. पावसाळ्यात व्हरांड्यात खडूने आखले तरी चालते.

खेळणाऱ्याने पहिल्या संख्येवर धन बाजूकडे तोंड करून उभे राहायचे. बेरजेचे चिन्ह असेल तर तोंड तसेच ठेवायचे, वजाबाकीचे असेल तर कवायतीतल्यासारखे पूर्ण मागे वळायचे. त्यानंतरची संख्या धन असल्यास पुढे आणि ऋण असल्यास पाठ न वळवता उलट्या पावलांनी चालायचे. म्हणजे ३ − (−४) साठी ३ वर उभी असलेली मुलगी वळते, तिचे तोंड शून्याकडे होते आणि ती ४ पावले मागे सरकत ७ वर पोहोचते. वळणे आणि मागे सरकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे येथे डोळ्यांना दिसते. फळ्यावर मात्र दोन्हींसाठी एकच आडवी रेघ असते आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथेच होतो.

आणखी एक चूक हमखास होते. मूल उभे असलेल्या खुणेलाच ‘एक’ म्हणते आणि उत्तर एकाने चुकते. त्यावर ओरडण्याऐवजी पाऊल नव्या खुणेवर टेकल्यावरच सर्वांनी मोठ्याने अंक म्हणावा, अशी रीत घालावी.

चुकणाऱ्याला बाद करू नये, कारण सरावाची गरज असलेले मूलच मग कडेला बसून राहते. प्रत्येकाने चालण्यापूर्वी उत्तराच्या खुणेवर खडा ठेवावा आणि मग चालून तो पडताळावा. त्यामुळे अंदाजही तपासला जातो.

दुसऱ्या दिवशी वहीत संख्यारेषा काढून तीच उदाहरणे बाणांनी सोडवून घ्यावीत. −२ − (−६) सोडवताना काही मुले बाकावर बसल्या बसल्या खांदे वळवून पाहतात; त्यांना तसे करू द्यावे.