पातळ थरांच्या सौरघटातील दोष थराच्या रचनेत कसा शोधावा

पातळ थरांच्या सौरघटाची कार्यक्षमता कमी भरली की शोषक थर (प्रकाश शोषून वीज निर्माण करणारा थर) आणखी जाड करून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. कॅडमियम टेल्युराइड या शोषक पदार्थाचा 2 ते 3 मायक्रोमीटर जाडीचा थर त्याला शोषता येण्याजोगा बहुतेक सारा प्रकाश टिपतो, त्यामुळे दोष बहुधा जाडीत नसून थर कसा बसला आहे यात असतो.

प्रथम प्रवाह-व्होल्टेज आलेख अंधारात आणि प्रकाशात असा दोन्ही वेळा काढावा. शून्य व्होल्टेजजवळ रेषा दोन्ही आलेखांत सारखीच तिरकी असेल, तर वरच्या धातूचा खालच्या इलेक्ट्रोडशी सूक्ष्म छिद्रांतून संपर्क आला आहे असे समजावे. ती फक्त प्रकाशात तिरकी असेल, तर प्रभारवाहक (प्रकाशाने मोकळे झालेले विद्युतभार) इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट होत आहेत. एकाच काचेवरील काही घट उत्तम आणि काही पूर्ण निकामी निघाले, तर संशय धुळीवर घ्यावा. पुढच्या नमुन्यात धातू चढवण्यापूर्वी थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खालून प्रकाश सोडावा, म्हणजे छिद्रे चमकणाऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात.

सर्वच घटांचे ओपन सर्किट व्होल्टेज (प्रवाह वाहत नसतानाचे व्होल्टेज) सारखेच कमी असेल, तर शोषक थर ज्यांचा बनलेला असतो त्या स्फटिककणांकडे वळावे. पृष्ठभागाच्या छायाचित्रावर विसंबू नये, कारण वरून मोठे दिसणारे कण आत आडव्या सीमांनी तुटलेले असू शकतात. थराचा छेद घेऊन कण तळापासून वरपर्यंत सलग आहेत का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहावे. कॅडमियम टेल्युराइडवर सुमारे 400 अंश सेल्सिअसला केली जाणारी कॅडमियम क्लोराइडची प्रक्रिया कण सुधारते आणि कणसीमांवरील दोषही निष्प्रभ करते. या दोहोंपैकी दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते, कारण जेमतेम मायक्रोमीटरभर कणांचे कॉपर-इंडियम-गॅलियम सेलेनाइड या दुसऱ्या शोषक पदार्थाचे घटही 20 टक्के कार्यक्षमतेपलीकडे गेले आहेत.

प्रवाह कमी असल्यास क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती प्रकाशकणांचे प्रवाहात रूपांतर होते ते प्रमाण, तरंगलांबीनुसार मोजावी. सुमारे 510 नॅनोमीटरच्या अलीकडे ती खाली बसली असेल, तर शोषक थराआधी प्रकाशाच्या वाटेत असलेला कॅडमियम सल्फाइडचा थर निळा प्रकाश खात आहे. तो टप्प्याटप्प्याने पातळ करावा. मात्र तो फार पातळ झाला की सलग राहत नाही, शोषक थर थेट पारदर्शक वाहक थराला (प्रकाश आत सोडणाऱ्या इलेक्ट्रोडला) टेकतो आणि प्रवाहात मिळवलेले व्होल्टेजमध्ये गमवावे लागते. म्हणून पारदर्शक वाहक थर आणि सल्फाइड यांच्यामध्ये शुद्ध टिन ऑक्साइडचा उच्चरोधी (विद्युतप्रवाहाला जास्त विरोध करणारा) थर आधी बसवावा आणि मगच सल्फाइड कमी करावे.