वाकडा जुळलेला हात: शस्त्रक्रियेआधी काय पाहावे

विदर्भातल्या खेड्यांत कोपर ते मनगट या भागात हात मोडला की आजही अनेकजण आधी हाड बसवणाऱ्याकडे जातात. बांबूच्या कामट्या बांधून दीड-दोन महिन्यांत हाड जुळते खरे, पण कधी वाकडे जुळते, तर कधी पिळलेले. शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र वाकडेपणा पाहून नव्हे, हात किती वळतो ते पाहून घ्यावा.

त्यासाठी दोन्ही कोपरे कमरेला टेकवून काटकोनात वाकवावेत, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल उभी धरावी आणि तळवे आधी आभाळाकडे, मग जमिनीकडे वळवावेत. दुखऱ्या हाताची पेन्सिल मागे राहत असेल, प्रसादासाठी तळवा पुढे करताना खांदाच वाकवावा लागत असेल, तर अडचण खरी आहे. तळवा वळवताना अंगठ्याकडचे रेडिअस हाड करंगळीकडच्या अल्नाभोवती फिरते. हाडांच्या मधल्या भागात वीस अंशांच्या आसपास वाक आला की हे फिरणे अडते. हात पूर्ण वळत असेल आणि दुखत नसेल, तर केवळ मुलीचे लग्न जमावे म्हणून हाड कापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठ-नऊ वर्षांखालील मुलांत मनगटाजवळचा वाक वाढीबरोबर बराचसा आपोआप सरळ होतो, म्हणून तेथे थांबता येते. पीळ मात्र तसा सुटत नाही. मोठ्यांनी फार थांबू नये, कारण दुखापतीनंतर वर्षाच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेने हात अधिक वळू लागतो.

एक्स-रे दोन्ही हातांचे, कोपर व मनगट एकाच फिल्मवर येतील असे काढून घ्यावेत. पीळ मोजण्यासाठी सीटी स्कॅन लागू शकतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाताना जुन्या फिल्म, शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्यावे. ही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधीच विचारावे.

शस्त्रक्रियेत वाकलेल्या जागी हाड कापतात, गरजेप्रमाणे पाचर काढतात किंवा कमरेच्या हाडाचा तुकडा घालतात आणि धातूची पट्टी व स्क्रूंनी ते पक्के करतात. टाके घालण्यापूर्वी हात वळवून पाहतात. खर्रा महिनाभर आधी बंद करावा आणि हाड जुळेपर्यंत तोंडात घालू नये, कारण तंबाखूतील निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचतात आणि हाड जुळायला उशीर होतो.

घरी आल्यावर हात उंच ठेवून बोटे रोज हलवावीत. बोटे सरळ करताना असह्य कळ आली, मुंग्या आल्या किंवा बोटे फिकी पडली, तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. एक्स-रेत हाड जुळलेले दिसेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, त्या हाताने घागर उचलू नये की कापसाचे गाठोडे.